बुजवलेल्या ढोल्या

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि वहिनी दोराला लोंबकळत एका बेशुद्ध माणसाला फांदीवर बांधत होती. माणूस म्हणजे जुन्या बॉयलरसूटमध्ये वाळू आणि चिंध्या कोंबून केलेला बाहुला. परीक्षेला येणारे-जाणारे सगळे त्याला मामा म्हणत. उमेदवाराने वर चढायचं, काम करता करता मामाला भोवळ आली आहे असं समजायचं, त्याला आपल्या दोरावर घ्यायचं आणि कुठेही न आपटता जमिनीवर आणायचं. वर्षातले बाकीचे दिवस मामा रोपवाटिकेच्या गुदामात पडून असायचा. यंदा तिथल्या उंदरांनी त्याच्या पोटात बिऱ्हाड केलं होतं. वहिनीने त्याला छातीशी धरून गाठ आवळली तेव्हा कॉलरमधून उंदराच्या मुताचा वास थेट तिच्या नाकात शिरला आणि बाहीतून काहीतरी ओलं, केसाळ तिच्या मनगटावर पडलं. तिने ते झटकलं. काय होतं ते पाहिलं नाही.

"वहिनी, मामा काय म्हणतोय?" खाली दोर धरून उभ्या असलेल्या माळ्याने विचारलं.

"म्हणतोय, मला उतरवायला येणाऱ्यांपेक्षा मी जास्त शुद्धीत आहे."

तिला या धंद्यात सगळे वहिनीच म्हणतात, कारण ती धंद्यात आली तीच मुळी धाकट्या भावाची बायको म्हणून. दोघा भावांचा झाडं छाटायचा धंदा होता. थोरला वर चढायचा, धाकटा ट्रक आणि फांद्या दळायचं यंत्र चालवायचा. नवी नवरी आधी पाणी घेऊन यायची, मग फांद्या ओढायला लागली, मग दोर धरायला. एके दिवशी थोरला तापाने फणफणला होता आणि एका बंगल्याच्या छपरावर फांदी अर्धी कापून लटकत राहिली होती. ती काही न विचारता वर गेली आणि फांदी उतरवून खाली आली. दुसऱ्या दिवशी थोरल्याने तिचं नाव खारूताई ठेवलं. ते नाव फक्त तोच वापरतो.

आता ती सत्तेचाळीस वर्षांची आहे. खांदे रुंद, नखं कायम आखूड, उजव्या कानामागे डिंकाने चिकटलेले केस. झाडावर काम करणारे सांगतात की दोन वर्षांत नाक मरतं, मग काही वाटत नाही. वहिनीचं नाक मेलं नाही. कुजणारं लाकूड आधी आंबूस वास मारतं, मग ओल्या पोत्यासारखं, आणि शेवटी कुणीतरी शिळं मांस साखरेत घालून ठेवल्यासारखं. या तिन्ही वासांची तिला आजही पहिल्या दिवसाइतकीच किळस आहे. घरी आली की ती मागच्या दारी नळाखाली आधी रॉकेलने, मग साबणाने हात चोळते, कपडे बाहेरच बादलीत टाकते, आणि ज्या दिवशी ढोलीत हात घातलेला असतो त्या दिवशी चमच्याने जेवते. तिच्या मुलीला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्याच आया कधी हाताने जेवतात, कधी चमच्याने.

वृक्षनिगेचं प्रमाणपत्र तिने अकरा वर्षांपूर्वी घेतलं, तेव्हा शहरात ते कुणाला माहीतही नव्हतं. लोक विचारायचे, झाड कापायला कसलं सर्टिफिकेट, करवतीला धार असली म्हणजे झालं. मग गेल्या वर्षी बँकेसमोर एक फांदी भर दुपारी खाली आली. तिच्याखाली एका माणसाचा खांदा आणि तीन स्कूटर सापडल्या. नगरपालिकेने नियम काढला: पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून प्रमाणपत्र नसलेल्याने शहरातल्या झाडावर चढायचं नाही. खालून दोर धरावा, फांद्या ओढाव्यात, पण वर जायचं नाही. झालं. ज्यांनी जन्मात झाडाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं त्यांनी हमखास पास करून देणारे क्लास उघडले आणि वहिनीला परीक्षक म्हणून बोलावणं आलं.

त्या सकाळी आलेले उमेदवार पाहून तिचं तोंड कडू झालं. एकाच्या हेल्मेटवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघालेला नव्हता. दुसरा बुटांना लोखंडी काटे बांधून आला होता आणि जिवंत झाडाच्या सालीत ते खचाखच रोवत वर निघाला. प्रत्येक भोकातून रस वाहायला लागला.

"खाली या," वहिनी म्हणाली.

"का? पडत नाहीये मी."

"तुम्ही नाही पडत. तुमच्या घरी भिंतीवर चढायचं झालं तर खिळे मारत जाता का?"

"भिंतीला काय कळतं?"

"म्हणूनच म्हटलं, खाली या."

तिसऱ्याने फांदी चांगली कापली. पण फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, त्यातूनच जखम भरून येते. ते त्याने कौतुकाने साफ तासून टाकलं आणि खिशातून बाटली काढून वर डांबर फासलं. त्याच्या क्लासने बाटली फीमध्येच दिली होती. चौथा मामाला घेऊन खाली आला, पण डोकं पुढे करून. मामाचं डोकं वाटेतल्या तिन्ही फांद्यांवर आपटलं.

"वाचला की," तो म्हणाला.

"कोण?"

"मामा."

आपण अकरा वर्षांपूर्वी रात्रीचा स्वयंपाक उरकून पुस्तक उघडायचो ते याच कागदासाठी का, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचाही तिला कंटाळा आला.

दहाच्या सुमाराला डॉक्टर आले.

डॉक्टर म्हणजे तिचे थोरले दीर. ते कुठल्याही कॉलेजात गेले नव्हते, पण शहरात त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली कुणाला आठवत नाही. खोडात पोकळी दिसली की ते ती पटाशीने खरवडायचे, फिनेलने पुसायचे, आत विटांचे तुकडे आणि सिमेंट भरायचे, थापीने गुळगुळीत करायचे आणि वरून डांबराचा हात द्यायचे. सिमेंट ओलं असताना खिळ्याने तारीख कोरायचे. लोक गोळा होऊन बघायचे. दाढ भरावी तशी झाडाची ढोली भरणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. एकेकाळी पुस्तकांतही हाच उपाय छापलेला असायचा, त्यामुळे डॉक्टरांनी काही वेडगळपणा केला असं नाही. पुस्तकांनी मत बदललं. डॉक्टरांनी बदललं नाही.

ते एकोणसाठ वर्षांचे आहेत आणि त्या दिवशी त्यांच्याइतकं सुंदर कुणीच चढलं नाही. इस्त्रीचा शर्ट, पायात जुने कॅनव्हासचे बूट, दोर असा की जणू हाताला फुटलेला. मामाला त्यांनी लेकराला पाळण्यातून काढावं तसं खाली आणलं आणि गवतावर पाठीवर निजवलं. वहिनी त्या वेळी वीस पावलं दूर, पाठ करून उभी होती. नात्यातल्या उमेदवाराला गुण द्यायचे नाहीत, त्याच्या कामाच्या वेळी जवळही थांबायचं नाही, हा परीक्षेचा नियम. गुण मास्तर देत होते. मास्तर म्हणजे मुख्य परीक्षक, वनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, गोल, घामट आणि कुणाचं मन न दुखवण्याबद्दल प्रसिद्ध.

लेखी परीक्षा डॉक्टर आधीच्या आठवड्यात पास झाले होते. ढोली आढळल्यास काय कराल, असा प्रश्न होता. त्यांनी बरोबर उत्तर लिहिलं होतं: बुजवणार नाही, किती पोकळ आहे ते तपासेन.

ते ऐकून वहिनीला बरं वाटलं होतं. तिने विचारलं होतं, "भाऊजी, मग पटलं म्हणायचं तुम्हाला?"

"अगं खारूताई, पेपर पेपरच्या जागी. पाणी उकळून प्यावं असं पण पेपरात लिहितात. कोण उकळतं?"

आता एकच पायरी राहिली होती. उमेदवाराने पाच वर्षांहून जुनं असं आपल्या हातचं एक झाड परीक्षकांना दाखवायचं. ताजी छाटणी कुणाचीही छान दिसते, झाडाने ती मानली की नाही हे काही वर्षांनी कळतं, म्हणून ही पायरी. बहुतेकांनी कुणाच्या तरी बागेतलं साधं झाड निवडलं होतं. डॉक्टरांनी शाळेच्या अंगणातला शिरीष निवडला. तो शहरातला सगळ्यांत मोठा शिरीष होता आणि त्यातली ढोली चौदा वर्षांपूर्वी त्यांनी बुजवली होती.

जेवायच्या वेळी जाऊबाई डबा घेऊन रोपवाटिकेत आल्या. डॉक्टर हात धुवायला गेल्यावर त्यांनी वहिनीच्या पुढ्यात झाकण सरकवलं.

"तुला काय बाई, तू मार्क देणारी."

"मला द्यायचेच नाहीत, जाऊबाई. नात्यात चालत नाही."

"नको देऊस. काढू तरी नकोस." जाऊबाई थांबल्या. "ते वर चढले नाहीत ना, तर घरात बसून माझ्या डोक्यावर चढतील. तीस वर्षं मी हा माणूस संध्याकाळीच पाहिलाय. मला तो दिवसभर नकोय."

दोघीही हसल्या. पण जाऊबाई गंमत करत नव्हत्या. प्रमाणपत्र मिळालं नाही तर ज्या माणसाला सारं शहर डॉक्टर म्हणतं त्याला एक तारखेपासून धाकट्या भावाच्या बायकोच्या दोराखाली उभं राहावं लागणार होतं, आणि हे त्या दोघींइतकं कुणालाच नेमकं ठाऊक नव्हतं.

घोडं अडलं ते शाळेत पोचल्यावर. वर चढून पाहणारा दुसरा परीक्षक आलाच नव्हता. त्याच्या पाठीत उसण भरली होती. मास्तरांचा गुडघा त्यांना ट्रकच्या पायरीवरसुद्धा चढू देत नव्हता.

"वहिनी, तुम्ही नुसतं डोळे व्हा," मास्तर म्हणाले. "वर जा, काय दिसतं ते सांगा. गुण मीच देणार. नियमात बसतं."

"बसतं का?"

"बसवू."

मधली सुट्टी चालू होती. शिरीषाच्या बुंध्याभोवती गोल बाक मांडलेले होते आणि त्यांवर लहान मुलं डबे खात होती. ज्यांना जागा मिळाली नव्हती ती मुळांवर बसली होती. शाळेच्या मोठ्या बाई स्वतः चहा आणि बिस्किटांची बशी घेऊन आल्या.

"डॉक्टर, तुमचं झाड हो हे. परवा पालकांना मी सांगितलं, आमच्या शाळेला छत नसलं तरी चालेल, शिरीष आहे."

डॉक्टर लाजल्यासारखे हसले. "दरवर्षी येऊन औषध लावून जातो मी त्याला. न बोलावता."

वहिनीने दोर टाकला आणि वर निघाली. खोडावर लाकडी हातोडीने ठोकत जायची तिची पद्धत आहे. चांगल्या लाकडाचा आवाज कोरडा, खणखणीत येतो. सुरुवातीला तसाच आला. दोन मजले उंचीवर, जिथे खोड दुभंगून एक जाड फांदी बाकांच्या बाजूला जाते, तिथे आवाज बदलला. ओल्या गादीवर बुक्की मारावी तसा.

सिमेंटचा बूच तिथेच होता. मोठ्या ताटाएवढा. झाडाने त्याच्या कडेवर ओठासारखी साल चढवली होती आणि मध्ये खिळ्याने कोरलेली तारीख अजून वाचता येत होती. बुचाच्या खालून खोडावर एक रुंद काळा ओघळ उतरला होता. त्यावर डांबराचे थरावर थर होते. दरवर्षीचं औषध ते हेच. झाड आतून पाझरत होतं आणि डॉक्टर दरवर्षी येऊन पाझर रंगवून जात होते.

वाऱ्यावर लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही. त्यांच्यात फट पडते, फटीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. हे वहिनी शिकाऊ मुलांना दर खेपेला सांगते. तिने पटाशी फटीत घातली आणि थोडा जोर लावला. तिला वाटलं होतं तुकडा निघेल. अख्खा बूच किडलेल्या दाढेसारखा हलला, फिरला आणि तिच्या मांडीवर आला.

वास आधी आला. चौदा वर्षं झाकण न काढलेल्या डब्यात तोंड घालावं तसा. तिने मान फिरवली, तर झुरळं तिच्या बाहीवरून खांद्याकडे धावत सुटली, एकामागून एक, घाई असल्यासारखी. ढोलीत काळा, चकाकणारा लगदा होता, शिजवून आंबवलेल्यासारखा, आणि त्यात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या संथपणे वळवळत होत्या. मूठभर लगदा आपल्याच वजनाने निसटला आणि पचकन तिच्या बुटावर पडला. तिच्या तोंडात आंबट पाणी आलं. खाली थुंकणं शक्य नव्हतं. खाली मुलं जेवत होती. तिने ते गिळलं.

मग तिने लोखंडी सळई काढून ढोलीत घातली. सळई कुठेच अडली नाही. मूठ ढोलीच्या तोंडाशी आली तरी आत जागा होती. तिने सळई बाकांकडे जाणाऱ्या फांदीच्या दिशेला वळवली आणि दुसरा हात बाहेरून सालीवर ठेवला. आतल्या टोकाचा धक्का तिला तळव्याखाली कळला. मध्ये जेमतेम दोन बोटं लाकूड होतं.

"वहिनी," खालून मास्तरांचा आवाज आला, "बरं आहे ना? वरवर बघून सांगा, फार उकरत बसू नका."

तिने बूच पिशवीत घातला, पिशवी दोराने खाली सोडली. दुसऱ्या खेपेला बादलीतून लगदा सोडला. मग उतरली. उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण श्वास तोंडाने घेतोय.

"फांदी पोकळ आहे," ती मास्तरांना म्हणाली. "दोन बोटांच्या कवचावर उभी आहे. खोडही दुभंगापासून खाली पोकळ. किती खाली ते मला कळलं नाही, सळई संपली."

मास्तरांनी बादलीत पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. मोठ्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. डॉक्टर पुढे झाले. त्यांनी बादलीत हात घातला, लगदा बोटांत घेऊन चुरला, नाकाशी नेला, एक अळी नखाने उडवली.

"ओल आहे थोडी," ते म्हणाले.

"थोडी, भाऊजी?"

"सिमेंट कमी पडलं. त्या वेळी वाळूही जाड आली होती. परत भरू. या खेपेला आत सळया घालू म्हणजे हलायचं नाव नको." असं म्हणून त्यांनी तोच हात पँटला पुसला, बशीतलं बिस्कीट उचललं, चहात बुडवलं आणि खाल्लं.

वहिनीला झुरळांची आली नव्हती इतकी किळस या बिस्किटाची आली. हा माणूस खोटं बोलत असता, काही लपवत असता, तर तिला राग आला असता आणि रागाने बरं वाटलं असतं. पण त्यांना खरंच काही दिसत नव्हतं. पेपरातलं उत्तर त्यांनी पाठ केलं होतं आणि बादलीतलं उत्तर त्यांच्या बोटांना लागलेलं होतं, आणि ते बिस्कीट खात होते.

मास्तरांनी तिला बाजूला घेतलं. "हे बघा, चढण्यात आज सगळ्यांत जास्त गुण त्यांना आहेत. लेखीत पास. इथे काठावर सोडू. देखभाल चालू आहे, असं म्हणता येतं. वयाचा माणूस आहे, तुमच्याच घरचा."

"घरचा आहे म्हणूनच गुणांत मी तोंड घालणार नाही. तुम्हाला द्यायचे ते द्या."

"शहाण्या आहात." मास्तरांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. तो पाहून तिला त्यांचीही शिसारी आली, त्यांच्या रुमालासकट.

"पण बाक आत्ता हलवा," ती म्हणाली. हे ती मोठ्याने म्हणाली.

मोठ्या बाईंनी वळून पाहिलं. "बाक? का हो?"

"फांदीखाली आहेत म्हणून."

"तसं लगेच काही नाही, बाई," मास्तर मध्ये पडले. "आपली एक खबरदारी."

"म्हणजे हलवू की नको?"

"हलवलेले बरे. नाही हलवले तरी..."

मोठ्या बाईंनी बिस्किटांची बशी बाकावर ठेवली. त्यांना झाडातलं काही कळत नव्हतं, पण चाळीस वर्षं त्यांनी मुलांच्या सबबी ऐकल्या होत्या. "मास्तर, मला एक सांगा. डॉक्टर पास आहेत ना? म्हणजे झाड चांगलं आहे. मग मी बाक कशाला हलवू? आणि बाक हलवायचे असतील तर झाड चांगलं कसं? मला पालकांना यातलं एकच सांगता येईल."

मास्तरांनी मानेवरचा घाम पुसला. वर पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, बाकांवरच्या मुलांकडे पाहिलं. वहिनीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"हलवा," ते म्हणाले.

निकाल तोच होता आणि तो तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळला. डॉक्टरांच्या हातात दुसरं बिस्कीट अर्धंच राहिलं. उद्या शाळेला सुट्टी, असं बाईंनी जाहीर केल्यावर मुलांनी एवढा कल्ला केला की पुढचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही. आनंदाने ओरडत, बाकांच्या पायांनी फरशीवर चरे पाडत त्यांनी एकेक बाक भिंतीकडे ओढत नेला. डॉक्टर ते बघत होते. शेवटी त्यांनी पिशवीतून सिमेंटचा बूच काढला, त्यावरची तारीख अंगठ्याने पुसली आणि तो ट्रकमध्ये नेऊन ठेवला.

ट्रकमध्ये तिघं शेजारी शेजारी बसले. नवरा चालवायला, मध्ये डॉक्टर, खिडकीशी वहिनी. बूच डॉक्टरांच्या पायाशी होता आणि केबिनभर त्याचा वास होता. जाऊबाईंचा फोन आला.

"तू तिथे असताना हे झालं?"

"मी होते म्हणूनच वर चढायला लागलं, जाऊबाई."

"चढायला लागलं, पण बोलायला कुणी लावलं होतं?" फोन बंद झाला.

नवऱ्याने समोर बघतच विचारलं, "हात धुतलास का?"

"दोनदा."

"तिसऱ्यांदा धू."

"चौदा वर्षं उभं होतं ते," डॉक्टर म्हणाले. "तू उकरलं नसतंस तर उभंच राहिलं असतं. मी नसतो तर तेव्हाच पडलं असतं. हे कुणी सांगितलं नाही त्या मास्तरला."

वहिनीच्या डोक्यात वेगळीच गोष्ट आली होती आणि ती आल्यापासून तिच्या हाताला पुन्हा वास यायला लागला होता.

"भाऊजी, अशा किती भरल्यात तुम्ही?"

"ढोल्या?" डॉक्टर सरळ बसले. आवाजात एकदम जोर आला. "छोट्या सोड. मोठ्या म्हणशील तर बस डेपोची. टपाल कचेरीमागची निलगिरी. पाण्याच्या टाकीशी एक, बाजारात दोन, त्यातली एक भाजीवाल्यांच्या डोक्यावर. प्रसूतिगृहाची तर तुला आठवत असेल, बादल्या तूच वर पाठवल्या होत्यास. काय सावली आहे ग तिथे. बायका नंबर येईपर्यंत त्याच्याखालीच बसून असतात. एक तर खालीच बाळंत व्हायची बाकी होती."

तिला आठवत होतं. सिमेंट कालवून बादल्या वर पाठवताना आपण गाणं गुणगुणत होतो, हेही आठवत होतं. डॉक्टर एकेक बोट मिटत मोजत होते, प्रत्येक झाडाखाली कोण बसतं ते सांगत होते, आणि प्रत्येक नावाबरोबर त्यांची मान थोडी ताठ होत होती. वहिनीने खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि तोंड बाहेर काढलं.

"डेपोला आधी जाऊ," नवरा हळूच म्हणाला.

"प्रसूतिगृहाला आधी," ती म्हणाली.

"कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

नवऱ्याने गिअर बदलला. डॉक्टरांची बोटं मिटायची थांबली. हात काही वेळ तसाच अर्धा मिटलेला मांडीवर राहिला. ट्रक घराच्या फाटकाशी वळला तेव्हा ते म्हणाले, "उद्या त्या फांदीचा दोर कोण धरणार?"

"हे धरतील."

"हा? हा दोर सोडता सोडता जांभया देतो. फांदी तुला घेऊन खाली येईल." ते उतरले, बूच काखेत मारला. "मी धरीन."

जमिनीवरून दोर धरायला प्रमाणपत्र लागत नाही. उद्या सहा वाजता शाळेसमोरचा रस्ता बंद होईल. बाकांकडची फांदी आधी उतरेल, टोकाकडून तुकड्यातुकड्याने. वर वहिनी असेल आणि खाली दोरावर डॉक्टर. दुपारी तीन वाजता ट्रक प्रसूतिगृहाच्या आवारात उभा असेल.